एका डोंगराची बोली, अनेक वळणांची

युगांडा आणि केनियाच्या सीमेवर ४,३२१ मीटर उंचीचा माउंट एल्गॉन हा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या पश्चिम उतारावरचे शेतकरी डोंगराला आणि आपल्या मूळपुरुषाला एकाच नावाने ओळखतात: मसाबा. त्यांची भाषा लुमसाबा. ती बांटू कुळातली. उत्तरेकडे दादिरी, मध्यभागी गिसू, दक्षिणेला बुया अशा तिच्या बोली. केनियातली बुकुसू हीही तिची सख्खी बहीणच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेमेई काकुंगुलू हा गंडा लोकांतला सरदार सैन्य घेऊन या भागात आला. म्बाले शहर त्याने वसवले. त्याच्यामागून आलेल्या गंडा कारभाऱ्यांमुळे आणि धर्मप्रचारकांमुळे कचेरीत अन् चर्चमध्ये त्यांची लुगांडा भाषा रुजली. डोंगरातल्या माणसाला स्वतःच्याच गावात परक्या भाषेत दाद मागावी लागे.

तरीही जे. बी. पर्व्हिस या मिशनऱ्याने १९०७ मध्ये लुमसाबाचे व्याकरण छापले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू उघडच होता. पण भाषेच्या पदरात पुस्तक पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भाषेचा खरा दरारा दिसतो तो ‘इम्बालू’मध्ये. या विधीत दर सम वर्षी तरुणांची सुंता होते. अंगाला पीठ फासलेली मुले ढोलांच्या तालावर नातेवाइकांच्या दारोदार नाचत जातात आणि पुढे सगळ्यांदेखत, न डगमगता सुरीसमोर उभी राहतात. इथली गाणी मात्र लुमसाबातच.

युगांडात २००७ पासून प्राथमिकच्या पहिल्या तीन वर्गांत स्थानिक भाषेतून शिकवण्याचे धोरण आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यापुढचा पेच मात्र जुनाच: दादिरीतून लिहायचे, की गिसूतून?