चौकटींची वाटणी

रॉबर्ट कुक, लॉरेन कार्पेंटर आणि एडविन कॅटमल या तिघांनी १९८७ साली ‘रेयेस’ नामक चित्रणपद्धतीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक साधे त्रैराशिक आहे: सेकंदाला २४ फ्रेम या दराने दोन तासांचा चित्रपट एका वर्षाच्या मुदतीत संगणकाकडून पुरा करून घ्यावयाचा, तर एकेका फ्रेमच्या वाट्याला सुमारे तीन मिनिटे येतात. ही तीन मिनिटे गाठण्याचा संकल्प उत्तम होता. परंतु त्यांच्याच पिक्सार संस्थेचा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा पहिला संगणकनिर्मित चित्रपट १९९५ साली पडद्यावर आला, तेव्हा एकेका फ्रेमच्या रेंडरिंगला, म्हणजे ती संगणकाकडून रंगवून घेण्याला, पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत अवधी लागला होता. १,१४,२४० फ्रेम आणि आठ लाख यंत्रतास असा तो एकंदर हिशेब. एकाच यंत्रावर भिस्त ठेवली असती, तर नव्वदाहून अधिक वर्षे लोटली असती. ही तूट सन कंपनीच्या ११७ संगणकांनी अहोरात्र राबून भरून काढली. अशा यंत्रसमूहाला रेंडर फार्म म्हणतात.

फ्रेमा अनेक यंत्रांत वाटून देण्याची ही युक्ती अर्थात त्यापूर्वीची. हीच मंडळी लुकासफिल्मच्या पदरी असताना अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी दिग्दर्शित केलेली ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.’ ही जेमतेम दोन मिनिटांची चित्रफीत १९८४ च्या जुलैत, मिनिआपोलिस येथील सिग्राफ या संगणकचित्रांच्या परिषदेत, दाखवावयाची होती. तिच्यासाठी क्रे कंपनीचे महासंगणक आणि एमआयटीच्या अथेना प्रकल्पातील दहा व्हॅक्स यंत्रे कामाला जुंपली, आणि इतके करूनही काही भाग अपुरा राहिला, तो नुसत्या रेखाकृतींत दाखवावा लागला. दोन मिनिटांच्या करमणुकीसाठी एवढा सरंजाम कोणास उधळपट्टी वाटेल. मला तरी ती वाटत नाही.

ही वाटणी मुळात शक्य का झाली, हे पाहण्याजोगे आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या किंचित किंचित सरकवीत चित्रण केले, तेव्हा दहावी फ्रेम घेतल्यावाचून अकरावी घेणे संभवतच नव्हते, कारण काड्यांची प्रत्येक मांडणी मागल्या मांडणीतूनच निघत होती. संगणकातील दृश्यात मात्र पात्रे, दिवे आणि कॅमेरा यांची स्थाने क्षणाक्षणाला कोठे असावीत हे आगाऊ मुक्रर झालेले असते. म्हणून पाचवी फ्रेम एका यंत्राने व पाचशेवी दुसऱ्याने, परस्परांची वार्ताही न घेता, रंगवावी. वाहते पाणी, धूर, वस्त्रांच्या चुण्या यांचे गणित तेवढे फाळक्यांच्या काड्यांच्या जातीचे: ते आधी क्रमाने सोडवून फाइलींत साठवितात, आणि मगच वाटणीला हात घालतात.

वाटणीचे काम पाहणाऱ्या आज्ञावलीचा व्यवहार कसलेल्या कारकुनाच्या दप्तरासारखा असतो. कोणती फ्रेम कोणाकडे रवाना झाली, कोणाची परत आली, कोणते यंत्र मध्येच बंद पडले, याची बारनिशी तिने ठेवावयाची आणि अडलेली फ्रेम दुसऱ्याच्या माथी मारावयाची. यंत्रे दुप्पट केली की वेळ निम्मा होईल, हा भाबडा समज येथेच फसतो. कारण शेकडो यंत्रे एकाच क्षणी एकाच सर्व्हरकडे त्याच त्या फाइली मागू लागली म्हणजे नेटवर्क तुंबते, आणि गणिताऐवजी खोळंबाच वाढतो. एखाद्या यंत्रावर जुनी प्रत राहून गेली, तर तेथून आलेल्या फ्रेमांचा रंग निराळा पडतो व दृश्य लुकलुकू लागते. हा दोष शोधणे रेंडरिंगहून कष्टाचे.

‘टायटॅनिक’साठी डिजिटल डोमेन संस्थेने १६० अल्फा संगणक घेऊन त्यांतील १०५ वर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चालविली, तेव्हा महागड्या यंत्रांची मक्तेदारी ढिली पडली. तरी प्रतीक्षा काही सरली नाही. यंत्रे कितीही शीघ्र झाली तरी एका फ्रेमचा वेळ तेवढाच राहतो, हे संगणकचित्रकार जिम ब्लिन यांच्या नावाने सांगितले जाते, आणि ते खोटे म्हणवत नाही, कारण वाचलेला प्रत्येक तास केसांच्या बटा व प्रकाशाच्या छटा गिळंकृत करतात. ब्लेंडर संस्थेच्या ‘एलिफंट्स ड्रीम’ या अकरा मिनिटांच्या लघुपटाला २००६ साली अमेरिकेतील बोवी स्टेट विद्यापीठाच्या यंत्रसमूहावर १२५ दिवस लागले. त्याची मूळ सामग्री मात्र सर्वांस खुली असल्यामुळे, ज्याच्यापाशी चार संगणक आणि सवड आहे त्याला तोच चित्रपट घरी पुन्हा रेंडर करता येतो.