बालकांतील दीर्घकालीन वेदना, झोप व अवधान

बालकांतील दीर्घकालीन वेदना, झोप व अवधान : (बालमानसशास्त्र). तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा त्या काळात पुन्हापुन्हा उद्‌भवणारे मुलांचे दुखणे, त्याचा रात्रीच्या झोपेशी व दिवसाच्या एकाग्रतेशी असलेला संबंध आणि त्यावरील मानसशास्त्रीय उपचार यांचा अभ्यास. डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी व हातापायांचे दुखणे हे त्याचे मुख्य विषय होत. कर्करोग, संधिवात, सिकलसेल यांसारख्या आजारांतील वेदनाही त्याच्या कक्षेत येतात. परंतु ही शाखा वाढली ती तपासण्यांत काहीच न सापडणाऱ्या दुखण्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (२०२२ पासून लागू) अशा दुखण्याला ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ म्हणून स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी अशा मुलाला एक तर ‘काही झालेले नाही’ म्हणून घरी धाडले जाई, किंवा त्याचे दुखणे ‘मानसिक’ ठरे. दोन्ही निदानांनी मुलाचे दुखणे थांबत नसे.

पूर्वपीठिका : मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मोठ्यांइतके दुखत नाही, हा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकात रूढ होता. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक जोॲन ईलंड यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांना मिळून वेदनाशामकाच्या केवळ २४ मात्रा दिल्या गेल्याचे आढळले. त्यांतील १३ मुलांना एकही मात्रा मिळाली नव्हती. तुलनेसाठी घेतलेल्या १८ प्रौढांना ६७१ मात्रा मिळाल्या होत्या. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिल्यास शरीरावरील ताण लक्षणीय घटतो. तान्ह्यांच्या वेदनेविषयीचा वाद त्यानंतर जवळजवळ संपला. मोठ्या मुलांच्या रोजच्या दुखण्याविषयीचा वाद मात्र चालू राहिला, आणि मानसशास्त्राचा खरा संबंध तेथेच येतो.

या विषयाचा पाया ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी घातला. नोरा नेश यांच्यासमवेत त्यांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी केली (१९५८). तीन महिन्यांत किमान तीनदा आणि रोजचे व्यवहार अडावेत इतके पोट दुखणे, ही त्यांनी ठरवलेली कसोटी. ती पुढे जवळजवळ चार दशके प्रमाण मानली गेली. पाहणीतील १०.८ टक्के मुले तीत बसली. मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा काहीसे अधिक होते. या मुलांच्या घरात इतरांनाही पोटदुखी, डोकेदुखी यांच्या तक्रारी जास्त आढळल्या. रुग्णालयात कसून तपासलेल्या मुलांत शारीरिक विकार सापडण्याचे प्रमाण दहात एकाहूनही कमी भरले. दुखणे बेंबीपासून जितके दूर तितका शारीरिक विकाराचा संभव अधिक, हा ॲप्ली यांचा आडाखा आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. मुलाला तपासताना घर, शाळा आणि भावंडे यांचीही चौकशी करावी, हा त्यांचा आग्रह त्या काळात नवा होता. त्यांच्या कामाला एक मर्यादाही होती : ‘शारीरिक नाही, म्हणजे भावनिक’ ही विभागणी त्यांनी पक्की केली, आणि ती मोडण्यात पुढच्या पिढीची बरीच शक्ती खर्ची पडली. पचनसंस्थेच्या कार्यविकारांसाठीच्या ‘रोम’ निकषांनी १९९९ पासून ही विभागणी सोडून लक्षणांवरून वर्गीकरण करण्याची पद्धत बालकांसाठीही आणली.

प्रमाण : नेदरलँड्समधील पर्क्विन व सहकाऱ्यांच्या पाहणीत (२०००) ५,४२४ मुलांपैकी ५४ टक्क्यांनी मागील तीन महिन्यांत काही ना काही दुखल्याचे सांगितले, २५ टक्क्यांचे दुखणे दीर्घकालीन होते. २०११ च्या एका संकलनात डोकेदुखीचे प्रमाण ८ ते ८३ टक्के आणि पोटदुखीचे ४ ते ५३ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात आढळले. यावरून दुखण्याविषयी जितके कळते, त्याहून अधिक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीविषयी कळते. २०२४ च्या संकलनाने दीर्घकालीन वेदनेचे एकत्रित प्रमाण सुमारे २१ टक्के धरले आहे. वयात येताना मुलींमध्ये प्रमाण वाढते, याबाबत बहुतेक पाहण्यांत एकवाक्यता आहे, कारणांबाबत नाही.

मापन : दुखणे किती, हे मुलाकडूनच जाणून घ्यावे लागते. त्यासाठी चेहऱ्यांच्या पट्ट्या वापरतात. डोना वाँग व कॉनी बेकर यांची हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत जाणारी पट्टी (१९८०चे दशक) दवाखान्यांच्या भिंतींवर सर्वत्र दिसते. तीत दुखणे आणि रडू यांची गल्लत होते, असा आक्षेप आहे. दुखत असूनही न रडणारे मूल तीत नीट बसत नाही. सहा चेहऱ्यांच्या सुधारित पट्टीत (२००१) पहिला चेहरा हसरा नसून निर्विकार असतो आणि शेवटच्या चेहऱ्यावरही अश्रू नसतात. संशोधनात तिलाच पसंती मिळते.

दीर्घकालीन दुखण्यात मात्र तीव्रतेपेक्षा मुलाचे काय काय अडते, हे मोजणे अधिक उपयोगी ठरले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर आणि जे. ग्रीन यांची १५ प्रश्नांची कार्यबाधा-सूची (१९९१) शाळेत जाणे, जिने चढणे, मित्रांबरोबर खेळणे, घरकाम, झोप यांविषयी विचारते. एकूण गुण ० ते ६०. १३ पासून मध्यम व ३० पासून तीव्र बाधा धरतात. सारखेच दुखणे सांगणाऱ्या दोन मुलांपैकी एक खेळायला जाते आणि दुसरे महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते. हा फरक कोठून येतो, हाच या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न मानावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

अवधान : वेदना अवधान खेचून घेते आणि चालू काम तोडते, ही मांडणी क्रिस्टोफर एकल्स्टन व गीर्ट क्रॉम्बेझ यांनी १९९९ मध्ये केली. धोक्याची सूचना देणे हे वेदनेचे कामच आहे. दुखणे जितके अपरिचित व भीतिदायक, तितकी ही ओढ प्रबळ असते. वाईटात वाईट तेच होणार असे धरून दुखण्याचा घोर लावून घेणाऱ्या मुलांचे मन दुखण्यावरून हटत नाही, असे बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या गटाने मांडले. ही प्रवृत्ती मोजणारी मुलांसाठीची प्रश्नावलीही त्याच गटाची (२००३). संगणकावरील शब्द-चित्रांच्या चाचण्यांनी ही ओढ थेट मोजण्याचे प्रयत्न झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

मुलाच्या अवधानाइतकेच आईवडिलांचे अवधानही महत्त्वाचे ठरते. या बाबतीत वॉकर व सहकाऱ्यांचा २००६ सालचा प्रयोग मूलभूत होय. दीर्घकालीन पोटदुखीची १०४ मुले व ११९ निरोगी मुले यांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यायला दिले. त्याने पोटात निरुपद्रवी अस्वस्थता निर्माण होते. त्यानंतर पालक व मूल यांना एकत्र बसवले. पालकांच्या एका गटाला मुलाच्या दुखण्याची विचारपूस करण्यास, दुसऱ्या गटाला विषय बदलून मुलाला दुसरीकडे रमवण्यास शिकवले होते. तिसऱ्या गटाला काहीच सांगितले नव्हते. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि रमवलेल्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. निरोगी मुलांतही हेच घडले. मुलींवर विचारपुशीचा परिणाम अधिक दिसला. प्रयोगानंतर पालक व मुले यांना वेगवेगळे विचारले असता, आईवडिलांनी विषय बदलल्याने आपल्याला बरे वाटले, असे मुलांचे म्हणणे पडले. तर दुखणाईत मुलांच्या पालकांना विषय बदलणेच अधिक घातक वाटत होते. ‘दुखतंय का रे अजून?’ असे दर तासाला विचारणाऱ्या घरांना हा निष्कर्ष पटवून देणे अवघड जाते. त्याचा अर्थ मुलाकडे दुर्लक्ष करावे किंवा ते ढोंग करते, असा नव्हे. पालकांची काळजी हा मुलाच्या दीर्घ दुखण्याचा परिणामही असू शकतो. कार्यकारणाची दिशा एका प्रयोगाने ठरत नाही.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता आणि दीर्घकालीन वेदना यांच्या थेट संबंधावरील संशोधन तुटपुंजे आहे.

झोप : दीर्घकालीन वेदना असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना झोप लागण्यास वेळ लागतो, मध्येच जाग येते व सकाळी थकवा राहतो. सिॲटल येथील टोन्या पालर्मो यांनी २००५ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. प्रश्नावली आणि मनगटावर बांधायचे हालचाल-मापक यंत्र यांचे निष्कर्ष सारखे येत नाहीत : मूल ‘रात्रभर डोळा लागला नाही’ म्हणते, तेव्हा यंत्रात बऱ्यापैकी झोप नोंदलेली असू शकते. झोप बिघडल्याने दुसऱ्या दिवशी जास्त दुखते, की दुखल्याने झोप बिघडते, हा प्रश्न वादग्रस्त आहे. रोजनिशीवर आधारलेल्या काही अभ्यासांत पहिली दिशा अधिक ठळक दिसते. संधिवाताच्या मुलांत वाईट झोपेनंतरच्या दिवशी दुखणे वाढलेले आढळले.

संध्याकाळी वा रात्री पोटऱ्या व मांड्या दुखणे (‘वाढीचे दुखणे’) ही संज्ञा फ्रेंच वैद्य मार्सेल ड्युशां यांच्या १८२३ मधील लेखनापर्यंत मागे जाते. वाढीशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. अशा काही मुलांना प्रत्यक्षात पाय सतत हलवावेसे वाटण्याचा निद्राविकार असतो. त्याचा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी संबंध आहे आणि अतिचंचल मुलांत तो अधिक आढळतो. वेदना, झोप व अवधान हे तिन्ही विषय एकाच मुलात एकत्र येतात ते बहुधा येथे.

झोप व अवधान यांवर प्रयोग अधिक नेटके झाले आहेत. इस्राएलमधील अवी सादेह यांनी (२००३) चौथी व सहावीच्या ७७ मुलांना तीन रात्री तासभर लवकर किंवा तासभर उशिरा झोपायला लावले. मुलांनी आपल्या घरीच, आपल्याच अंथरुणात हे केले. तरी दोन गटांत पडलेला फरक काही चाचण्यांवर चौथी आणि सहावी यांतील वयाच्या फरकाच्या तोडीचा होता. कॅनडातील रेउत ग्रुबर यांच्या प्रयोगात (२०१२) सात ते अकरा वर्षांच्या मुलांची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढताच शिक्षकांना, कोण कोणत्या गटात हे ठाऊक नसताना, वर्गातील चुळबूळ व चिडचिड घटलेली दिसली. घोरण्याने झोप बिघडलेल्या मुलांच्या टॉन्सिल-शस्त्रक्रियेवरील मोठ्या अमेरिकी चाचणीत (२०१३, ४६४ मुले) मात्र अवधानाच्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेली मुले इतरांहून सरस ठरली नाहीत, पण पालक व शिक्षक यांनी वर्तन सुधारल्याचे नोंदवले. कोणाचे खरे मानावे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीने (२०१६) सहा ते बारा वर्षांसाठी ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांसाठी ८ ते १० तास झोप सुचवली आहे.

उपचार : बोधात्मक वर्तनोपचारात मुलाला शिथिलीकरण, दुखण्याविषयीचे विचार तपासणे आणि दुखत असतानाही शाळा-खेळ टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करणे शिकवतात, पालकांना विचारपुशीऐवजी मुलाच्या हालचालींना दाद देण्यास शिकवतात. रोना लेव्ही यांनी २०० कुटुंबांवर घेतलेल्या चाचणीत (२०१०) अशी केवळ तीन सत्रे पुरेशी ठरली. सिनसिनाटी येथील सुस्मिता काशीकर-झुक यांच्या चाचणीत (२०१२, सर्वांगदुखीचा फायब्रोमायॲल्जिया हा विकार असलेली ११४ किशोरवयीन मुले-मुली) कार्यबाधा ३७ टक्क्यांनी घटली, केवळ माहिती दिलेल्या गटात १२ टक्क्यांनी. दुखण्याच्या तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत म्हणावी तशी घट झाली नाही. मूल आधी शाळेत जाऊ लागते आणि दुखणे कमी झालेच तर मागाहून होते, हा क्रम पालकांना सुरुवातीलाच सांगावा लागतो. अन्यथा उपचार मध्येच सुटतो. सिनसिनाटीच्याच स्कॉट पॉवर्स यांच्या अर्धशिशीवरील चाचणीत (२०१३, १३५ मुले) औषधाला वर्तनोपचाराची जोड दिल्यावर २८ दिवसांतील डोकेदुखीचे दिवस ११.५ ने घटले, औषध व माहिती यांनी ६.८ ने. नेदरलँड्समध्ये पोटदुखीवरील संमोहनोपचाराने (२००७) वर्षअखेर ८५ टक्के मुले बरी झाली, नेहमीच्या उपचाराने २५ टक्के. चाचणी ५३ मुलांचीच होती. ४७ चाचण्यांच्या कॉक्रेन संकलनाने (२०१८) लाभ आहे, पण तो बहुधा अल्प आहे आणि डोकेदुखीत टिकून राहत नाही, असा निष्कर्ष काढला. जर्मनीतील डाटेल्न व इंग्लंडमधील बाथ येथे गंभीर बाधा असलेल्यांसाठी निवासी उपक्रम चालत आले आहेत.

औषधे : अर्धशिशीवरील ॲमिट्रिप्टिलीन व टोपिरामेट ही औषधे २०१७ च्या मोठ्या चाचणीत औषधरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

भारत व महाराष्ट्र : येथील लेखन बहुतांशी बालरोगतज्ज्ञांचे असून ते पोटदुखीच्या शारीरिक कारणांपुरते राहिले आहे. मानसशास्त्रीय अभ्यासाची सर्वाधिक निकड विदर्भात व आदिवासी पट्ट्यात आहे. तेथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि या आजारात वेदना, झोप व अवधान यांवर एकाच वेळी घाला पडतो : वेदनेचे झटके येतात, रात्री प्राणवायू कमी पडतो, आणि मेंदूत लक्षणे न दाखवणारे सूक्ष्म आघात होऊन अवधान व अभ्यास यांवर परिणाम होतो. शिक्षकाला मात्र मूल आळशी वाटते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान मुख्यतः तपासणी व समुपदेशन यांवर भर देते. बालकांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प २०१० पासून मुंबईचे शीव रुग्णालय व जव्हार येथे राबवला गेला.

पुढील आयुष्य : बालपणीच्या पोटदुखीच्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना मोठेपणापर्यंत केव्हा ना केव्हा चिंताविकार झाल्याचे वॉकर यांच्या गटाला आढळले (२०१३), इतरांत हे प्रमाण २० टक्के होते. स्वीडनमधील बू बिले यांनी उप्साला येथे अर्धशिशीच्या ७३ मुलांचा चाळीस वर्षे पाठपुरावा केला. त्यांतील २३ टक्के पंचविशीच्या आत बरे झाले. पन्नाशीच्या सुमारास निम्म्याहून अधिकांची अर्धशिशी कायम होती.