मुळाची कुळकथा

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. शिरूरची घोड, दौंडची भीमा. त्यांचं मूळ कोणी विचारत नाही. पण तिथल्याच दहावीच्या वर्गात एकच धोशा असतो: समीकरणाची मुळं काढा. म्हणजे क्षची अशी किंमत शोधा, की डावीकडची सगळी बहुपदी शून्य होईल.

हे मूळ वर्गमुळाच्या घरचं. चौरस हा वर्ग, त्याची बाजू हे मूळ. अरबी ‘जिद्र’ आणि लॅटिन ‘राडिक्स’ यांचा अर्थही मूळच.

ते काढायचं कसं? एक चौरस वाफा घ्या. त्याच्या एका बाजूला तितक्याच लांबीची, १० हात रुंदीची पट्टी जोडली आणि एकूण क्षेत्र ३९ चौरस हात भरलं. पट्टी उभी चिरून ५-५ हातांचे दोन तुकडे लगतच्या दोन बाजूंना लावा. कोपऱ्यात ५ बाय ५ची जागा रिकामी राहते. ती भरली की ६४चा पुरा चौरस. बाजू ८, त्यातून ५ गेले. वाफा ३ हातांचा. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीनं हेच गणित असंच सोडवलं.

आपल्याकडे श्रीधराचार्यांनी असं निम्मं करताना येणारे अपूर्णांक टाळायला दोन्ही बाजूंना आधी वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणण्याची युक्ती सांगितली. त्यांचं बीजगणित हरवलं. सूत्र भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास आपल्या ‘बीजगणिता’त उतरवलं म्हणून वाचलं. रीतीचं नाव मध्यमाहरण: मधल्या पदाचा काटा काढणं.

भास्कराचार्यांचं एक उदाहरण माकडांचं. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून जे उरतं, त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर दिसतं. कळपात माकडं किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. पण ५चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ गेले की उणे २. असली उणी संख्या लोकांच्या पचनी पडत नाही, म्हणून त्यांनी ५ सोडून दिले.

सगळी पदं एकीकडे आणून पलीकडे शून्य मांडायची चाल सतराव्या शतकात युरोपात रुळली. १६३७मध्ये फ्रेंच गणिती देकार्तनंही ऋण मुळांना ‘खोटी’च म्हटलं.

आज शेताच्या लांबीचं गणित सोडवताना दौंडचा विद्यार्थी दोन्ही मुळं काढतो आणि एकाखाली लिहितो, ‘पण लांबी ऋण नसते.’ त्या ओळीचं कूळ थेट माकडांच्या कळपापर्यंत जातं.