"किरायदार बसला तं बसला": वऱ्हाडी घरमालकाच्या भीतीचा इतिहास

खोली किरायानं द्यायचा विषय निघाला की आपल्याकडं घरातलं कोणी तरी मोठं माणूस म्हणतंच, "किरायदार बसला तं बसला. मंग कोर्टाच्या चकरा." अमरावतीत अंबापेठ-राजापेठ, अकोल्यात जठारपेठ-रामदासपेठ, कुठंही फिरा. वरच्या मजल्याला कुलूप आणि खाली एकटे राहणारे म्हातारा-म्हातारी, अशी घरं दिसतात. खोली पडून राहिली तरी चालेल, पण द्यायची नाही. आणि त्याच गल्लीत कॉलेजची पोरं खोली शोधत फिरतात.

या दोन शहरांत मी वीस वर्षं बातमीदारी करतो. कोर्टाच्या आवारात घरमालकही भेटतात आणि किरायदारही. ही भीती खोटी नव्हती, पण ती ज्या कायद्यातून आली तो कायदा २५ वर्षांपूर्वीच संपला. पोस्ट लांब आहे, पण घर किरायानं देणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

किराया नियंत्रणाची सुरुवात आपल्याकडं झाली नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये तिथं पहिला कायदा आला. आपल्याकडं तो दुसऱ्या महायुद्धानंतर आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड, म्हणजे सी. पी. अँड बेरार या प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. १९४६ मध्ये प्रांताच्या सरकारनं जागा किरायानं देण्याच्या नियमनाचा कायदा केला. त्याखाली १९४९ मध्ये एक आदेश निघाला. जुने वकील त्याला आजही नुसतं 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणतात.

त्या काळी याची गरज होती. शहरांत घरं कमी होती, सरकारी नोकरांना जागा मिळत नव्हती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आपल्या शहरांत आली. अकोल्याचा सिंधी कॅम्प त्या काळाची आठवण आहे. म्हणून आदेशात तरतूद होती की घर रिकामं झालं की मालकानं जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं. अधिकारी ठरावीक दिवसांत सांगू शकत होता की हे घर अमुक सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला दे. घर तुमचं, पण किरायदार सरकार ठरवणार!

खरी गोम होती कलम १३ मध्ये. किरायदाराला घर सोडायची नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. हा महसूल खात्यातला अधिकारी. तीन महिन्यांचा किराया थकला, पोटकिरायदार ठेवला, मालकाला स्वतःसाठी जागा पाहिजे, अशी ठरलेली कारणं सिद्ध करावी लागायची. परवानगी मिळाली तरी घर मिळालं असं नाही. त्यावर अपील, मग हायकोर्ट. हे आटोपलं की नोटीस आणि त्यानंतर दिवाणी कोर्टात वेगळा दावा. तिथं पुन्हा अपील. म्हणजे एकाच घरासाठी दोन लढाया! अर्ज बापानं करायचा आणि ताबा पोरानं घ्यायचा, असं त्यामुळंच व्हायचं.

यात एक मोठी गंमत आहे. १९५० मध्ये सी. पी. अँड बेरार हा प्रांतच उरला नाही, मध्य प्रदेश झाला. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. पण किरायाचा कायदा तोच राहिला. एका महाराष्ट्रात तीन कायदे होते: मुंबई-पुण्याकडं १९४७ चा मुंबईचा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा आणि विदर्भात आपला. पुण्याच्या पाव्हण्याचा सल्ला अकोल्यात उपयोगाचा नव्हता. नकाशावरून पुसलेल्या प्रांताचं नाव आपल्या कोर्टात पुढं ५० वर्षं रोज घेतलं जात होतं.

या ५० वर्षांत आपल्या अंगात काही सवयी मुरल्या. कागद करायचा नाही. पावती द्यायची नाही, कारण पावती म्हणजे त्याच्या हातात पुरावा. द्यायचंच तर ११ महिने लिहायचं आणि नोटरी करून मोकळं व्हायचं. हे ११ महिने कुठून आले? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. ती टाळायची म्हणून एक महिना कमी.

दरम्यान १९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झालं. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासून होतंच. खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या पोरांना खोल्या पाहिजे होत्या आणि घरमालक घाबरून बसले होते.

मग ३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे गेले. रेंट कंट्रोलरची परवानगी गेली, आता दावा सरळ कोर्टात होतो. बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांचं किरायदार म्हणून संरक्षण गेलं. आणि मालकाच्या सगळ्यात कामाची दोन कलमं आली, २४ आणि ५५.

कलम ५५ म्हणते, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मुदत ११ महिने असो की ११ दिवस. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार लेखी नसला तर अटींबाबत किरायदार म्हणेल ते आधी खरं धरतात, खोटं पाडायचं काम मालकाचं. म्हणजे कागद न करण्याची आजोबाची हुशारी आज नातवाच्या गळ्याशी येते!

कलम २४ राहण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिलेल्या जागेबद्दल आहे. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. म्हणून कागदावर 'किरायापत्र' लिहिलं की 'लिव्ह अँड लायसन्स', याला फार महत्त्व आहे. किरायापत्रानं तो किरायदार होतो आणि त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळतं. दुकानाच्या गाळ्याला कलम २४ चा सोपा रस्ता नाही, तिथं आधी वकिलाला विचारा.

खर्च किती? महिना ८,००० किराया, २०,००० डिपॉझिट, ११ महिने. पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी होते. एजंटचे पैसे वेगळे.

आता माणूस कसा पारखायचा. आधार आणि कॉलेज किंवा नोकरीचं ओळखपत्र घ्या. आधीच्या घरमालकाला फोन लावा, यानं जेवढं कळतं तेवढं कशानंच कळत नाही. विद्यार्थी असेल तर आई-वडिलांशी बोला. पोलिसांना किरायदाराची माहिती द्या, ती ऑनलाइनही देता येते. चावी देण्याआधी मीटरचं रीडिंग, नळ, पंखे, भिंती यांचे फोटो काढून दोघांनीही ठेवा. किराया खात्यावर घ्या आणि पावती द्या. पावती देणं कायद्यानं सक्तीचं आहे. वाद झाला तरी वीज-पाणी तोडू नका, कलम २९ खाली तो गुन्हा आहे आणि तुमची खरी बाजूही त्यात कमजोर होते.

एक कडू गोष्टही लिहितो. पारखणं म्हणजे आडनाव विचारणं नाही. "कोणत्या समाजाचे?" हा आपल्याकडं फोनवरचा दुसरा-तिसरा प्रश्न असतो. चांगली नोकरी आणि आधीच्या मालकाचा चांगला शब्द असूनही महिनोन् महिने खोली न मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. किराया बुडवणारा आडनावावरून ओळखू येत नाही. तो आधीच्या मालकाच्या फोनवरून ओळखू येतो.

जुन्या कायद्यानं किरायदाराला आधार दिला, हे खरं. तो दीर्घकाळ बदललाच नाही म्हणून मालक घाबरले, हेही खरं. पण आज कुलूपबंद खोलीचं नुकसान दोघांचं आहे. म्हाताऱ्या जोडप्याची महिन्याची आवक जाते आणि दर्यापूर-मूर्तिजापूरहून आलेल्या पोरीला बसनं रोज जाणं-येणं करावं लागतं.

तुमच्या करारावर काय लिहिलं आहे, किरायापत्र की लिव्ह अँड लायसन्स? नोटरी आहे की नोंदणी? आज कपाटातून काढून पाहा आणि कमेंटमध्ये सांगा. आणि ज्या काकांची वरची खोली बंद आहे, त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा.