नाकारलेले मंत्रिपद

ज्या ब्रिटिश लिबरल पक्षाच्या न्यायबुद्धीवर आपल्याकडील नेमस्त पुढाऱ्यांनी एके काळी मोठी भिस्त ठेवली होती, आणि ज्याच्या वतीने दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेले होते, त्या पक्षाच्या युद्धोत्तर कारकीर्दीकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः वैभवाच्या दिवसांपेक्षा या विपन्नावस्थेतच त्याच्या सत्त्वाची खरी परीक्षा झाली.

१९०६ साली कॉमन्स सभेत सुमारे ४०० जागा मिळविणाऱ्या या पक्षाच्या पदरी १९४५ साली अवघ्या १२ जागा पडल्या. पक्षनेते सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर पराभूत झाले, आणि ज्यांच्या १९४२ च्या अहवालाच्या पायावर मजूर सरकारने पुढे कल्याणकारी राज्याची इमारत उभारली, ते सर विल्यम बेव्हरिजही पडले. १९५० साली पक्षाने मोठ्या हिंमतीने ४७५ उमेदवार उभे केले. त्यांपैकी ३१९ जणांच्या अनामत रकमा जप्त होऊन केवळ ९ जण निवडून आले. पुढच्याच वर्षी खजिना रिता झाल्यामुळे जेमतेम १०९ उमेदवार रिंगणात उतरले आणि ६ निवडून आले. त्या सहांपैकी पाचांच्या विरुद्ध हुजूर पक्षाने उमेदवारच दिला नव्हता, यावरून पक्ष किती परावलंबी झाला होता हे ध्यानी येते.

अशा निकराच्या प्रसंगी, पूर्वाश्रमी स्वतः लिबरल मंत्री असलेल्या चर्चिल यांनी लिबरलांचे नेते क्लेमेंट डेव्हिस यांना शिक्षणमंत्रिपद देऊ केले. आयुष्यात कधीही मंत्रिपद न लाभलेल्या, साठी ओलांडलेल्या या वेल्श कायदेपंडिताने सहकाऱ्यांचा सल्ला घेतला आणि ते पद नाकारले. या नकाराचे मोल जाणून घ्यावयाचे तर त्याच पक्षातून फुटलेल्या नॅशनल लिबरलांची गती पाहावी: त्यांनी १९४७ साली हुजूर पक्षाशी करार केला, त्यांना सत्तेचा सहवास लाभला, पण त्यांचे स्वतंत्र अस्तित्व क्रमाक्रमाने विरत जाऊन १९६८ साली नावही उरले नाही.

डेव्हिस यांनी राखलेला हा क्षीण वारसा १९५६ साली जो ग्रिमंड यांच्या हाती आला. ऑर्कनी व शेटलंड या दूरच्या द्वीपांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या या वक्तृत्वसंपन्न नेत्याने युरोपीय सामायिक बाजारपेठेत प्रवेश करण्याचा पुरस्कार केला आणि विद्यापीठांतील तरुण पिढीस पक्षाकडे आकृष्ट केले. १९५८ साली टॉरिंग्टनची पोटनिवडणूक २१९ मतांनी जिंकली गेली. १९६२ साली लंडनलगतच्या ऑर्पिंग्टन येथे, हुजूर पक्षाचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या मतदारसंघात, एरिक लबक सात हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये तर सुमारे ६० लक्ष मतदारांनी या पक्षास कौल दिला. परंतु एका मतदारसंघात सर्वाधिक मते मिळविणाराच विजयी ठरण्याच्या पद्धतीमुळे त्याच्या वाट्यास १४ जागाच आल्या, आणि मतदानपद्धतीच्या सुधारणेची त्याची जुनी मागणी किती न्याय्य होती हे त्या आकड्यांनीच सिद्ध केले.

१९८८ साली सोशल डेमोक्रॅटांशी एकीकरण होऊन जुना पक्ष नव्या पक्षात विलीन झाला; पण तो बरोबरीच्या नात्याने, स्वतःचे मतदार आणि स्वतःचा विचार बरोबर घेऊन गेला. ही प्रतिष्ठा त्याला लाभू शकली, कारण १९५१ साली सहा सभासदांच्या नेत्याने मंत्रिपदापेक्षा पक्षाचे स्वातंत्र्य अधिक मोलाचे मानले. सत्तेची पायरी न चढता केलेल्या लोकसेवेचा मान राजकारणाच्या इतिहासात डेव्हिस यांना अवश्य मिळाला पाहिजे.