लाकूड, तुरटी आणि बायॉप्सी

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. गाठ साधी की कर्करोगाची, एवढंच हवं असतं. वरच्या परिच्छेदात पॅथॉलॉजिस्टने काय पाहिलं ते लिहिलेलं असतं : पेशींची केंद्रकं मोठी आहेत, वेडीवाकडी आहेत, गडद आहेत. तो भाग सहसा कोणी वाचत नाही. पण त्यातल्या ‘गडद’ या शब्दापाशी थांबायला हवं. कारण शरीरातून काढलेल्या तुकड्याचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली नुसता धरला, तर त्यात गडद असं काहीच नसतं. हा काप चार-पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. काचेवर पाण्याचा ओघळ सुकावा तितका तो पुसट दिसतो. पेशी असतात, पण एकीपासून दुसरी वेगळी काढता येत नाही.

म्हणजे मायक्रोस्कोप सापडला आणि शरीराचं रहस्य उलगडलं, ही शाळेत ऐकलेली गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी कापड रंगवणाऱ्यांची आहे.

हॉलंडच्या लेव्हेनहुकला ही अडचण फार लवकर कळली होती. 1714 साली स्नायूंचे तंतू नीट दिसेनात, तेव्हा त्याने ते केशराने रंगवले. पण त्यानंतर शंभरेक वर्षं ही युक्ती कोणी फारशी पुढे नेली नाही. भिंगंही वाईट होती, प्रत्येक वस्तूभोवती इंद्रधनुष्यी कडा दिसायची. पॅरिसच्या झेवियर बिशाने तर मायक्रोस्कोपवर विश्वासच ठेवला नाही. त्याने प्रेतं फाडली, त्यातले पडदे आणि तंतू उकळले, सुकवले, सडवले, आम्लात घातले आणि शरीर 21 प्रकारच्या ऊतींचं बनलेलं आहे असं मांडलं. 1802 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो गेला. ऊतींच्या शास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याने मायक्रोस्कोप वापरलाच नव्हता, हे मला कायम गमतीचं वाटतं.

1830 नंतर भिंगं सुधारली आणि 1839 मध्ये थिओडोर श्वानने प्राण्यांचं शरीरही पेशींचंच असतं असं सांगितलं. तरी पेशीच्या आत पाहायचं तर रंग हवाच होता. 1858 साली जर्मनीतल्या योसेफ फॉन गेर्लाखने कारमाइन वापरून मेंदूचे काप रंगवले. कारमाइन म्हणजे निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. असं सांगतात की लहान मेंदूचा एक काप रात्रभर पातळ कारमाइनमध्ये राहून गेला आणि सकाळी पाहिलं तर केंद्रकं ठळक लाल उठून दिसत होती. प्रसंग अगदी असाच घडला असो वा नसो, त्यातून एक गोष्ट पक्की झाली : पेशीचे सगळे भाग सारखा रंग पीत नाहीत.

आता त्या लाकडाकडे येऊ. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर, कॅम्पेचेच्या आसपासच्या दलदलीत एक काटेरी झाड वाढतं. त्याचा गाभा रक्तासारखा लाल, म्हणून शास्त्रीय नावातच ग्रीक भाषेतलं ‘रक्त’ आणि ‘लाकूड’ आहे. स्पॅनिश लोक हे ओंडके युरोपात नेऊन कापड रंगवण्यासाठी विकू लागले. इंग्लंडमध्ये मात्र तक्रारी सुरू झाल्या : रंग टिकत नाही, उन्हात उडतो, गिऱ्हाईक फसतं. 1581 साली संसदेने या लाकडावर बंदी घातली आणि सापडेल ते जाळून टाकायला सांगितलं. माल स्पेनचा होता, हेही त्या बंदीमागे असणारच. 1662 मध्ये ती उठली, कारण तोवर रंग पक्का करायची रीत बसली होती.

ती रीत म्हणजे धातूचे क्षार. तुरटी त्यातलीच एक. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर गालावर फिरते तीच. आपल्याकडचे रंगारीही मंजिष्ठेचा लाल रंग सुती कापडावर तुरटीनेच पक्का करत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्या हाताने रंग. तुरटी नसेल तर रंग धुण्यात निघून जातो.

बंदी उठल्यावर या लाकडाची किंमत इतकी वाढली की इंग्रज चाचे जहाजं लुटायचं सोडून दलदलीत झाडं तोडू लागले. विल्यम डॅम्पियर हा पुढे जगप्रदक्षिणा करणारा दर्यावर्दीही 1670 च्या दशकात तिथे ओंडके तोडत होता. पुढे हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या माथी आलं. आजचा बेलीझ हा देश अशाच लाकूडतोड्यांच्या वस्तीतून उभा राहिला, त्याच्या झेंड्यावर दोन लाकूडतोडे आहेत.

1863 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायरने या लाकडाचा रंग ऊतींवर लावून पाहिला. जमलं नाही. 1865 मध्ये बोमरने त्यात तुरटी घातली आणि जमलं. रंगाऱ्यांना दोनशे वर्षं ठाऊक असलेली गोष्ट प्रयोगशाळेत पोचली, एवढाच काय तो शोध. हेमॅटॉक्सिलिन या नावाने ते द्रव्य आजही प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तुरटीशी जोडलेल्या या रंगावर धन विद्युतभार असतो आणि केंद्रकातल्या डीएनएवर ऋण, म्हणून केंद्रक निळं-जांभळं होतं.

दुसरा रंग कारखान्यातून आला. 1856 मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवायला गेला आणि डांबरातल्या द्रव्यांपासून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. मग जर्मनीत रंगांचे कारखाने उभे राहिले. त्यातल्या बीएएसएफ कंपनीत हाइनरिश कारो याने 1874 साली एक गुलाबी रंग तयार केला, इओसिन. (याच कंपनीने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला, पण ती वेगळी गोष्ट.) 1876 मध्ये विसॉत्स्की या संशोधकाने हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन एकाच कापावर वापरले. जगभरातल्या बायॉप्सीच्या स्लाइड अजून याच जोडीने रंगवतात.

ती स्लाइड वाचायची कशी? निळे ठिपके म्हणजे केंद्रकं. स्नायू, तंतू, लाल रक्तपेशी हे सगळं प्रथिनांनी भरलेलं, म्हणून गुलाबी. स्नायूवर आडवे पट्टे असतील आणि केंद्रकं कडेला ढकललेली असतील तर तो हाताचा किंवा मांडीचा. पट्टे आहेत, पण केंद्रक मधोमध आणि तंतूंना फांद्या फुटलेल्या, तर तो हृदयाचा. आणि चरबी? ती दिसतच नाही. काप मेणात बसवण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढतात, त्यात चरबी विरघळून जाते. मागे पांढऱ्या पोकळ्यांची जाळी उरते आणि त्या जाळीवरूनच चरबी ओळखायची. कर्करोगाच्या पेशीत डीएनए बहुधा जास्त, म्हणून तिचं केंद्रक रंग जास्त पितं. रिपोर्टमधलं ‘गडद’ ते हेच.

पॉल एर्लिकने यातूनच पुढचा प्रश्न काढला. बर्लिनमध्ये तो रक्तावर एकामागून एक रंग टाकून पाहत होता. 1879 मध्ये त्याला इओसिन ओढून घेणाऱ्या दाणेदार पांढऱ्या पेशी दिसल्या. आपल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल’ असतात, त्या याच. काही पेशी खाऊन गच्च फुगल्यात असं त्याला वाटलं, म्हणून त्यांना त्याने ‘मास्ट’ म्हटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ जनावराला धष्टपुष्ट करण्यासाठी चारणं. अंदाज चुकला, नाव राहिलं. पण त्याचा प्रश्न बरोबर होता : एखादा रंग एकाच पेशीला चिकटतो, तर एकाच जंतूला मारणारं विष का नसावं? मिथिलीन ब्लू मलेरियाच्या परजीवींना रंगवतो हे माहीत होतं. 1891 मध्ये एर्लिक आणि गुटमन यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना तोच रंग औषध म्हणून दिला. दोघांनाही उतार पडला. तो रंगही कारोनेच बनवलेला, कापडासाठी.

यावर कोणी म्हणेल, आता काय, एआय स्लाइड वाचतो. वाचतो खरा. पण तोही हेच निळे-गुलाबी डाग वाचतो. 2008 च्या सुमारास हेमॅटॉक्सिलिनचा तुटवडा पडला, तेव्हा लॅबवाल्यांची धावपळ झाली. दुसरे रंग सुचवले गेले, तपासून पाहिले गेले. पण त्यांच्यासाठी पॅथॉलॉजिस्टची सरावलेली नजर पुन्हा बसवावी लागली असती. पुरवठा सुरू झाला आणि लॅब पुन्हा त्याच लाकडाकडे वळल्या. ते आजही झाड तोडून, गाभ्याचा भुसा करून, त्याचा अर्क काढूनच मिळतं.