शस्त्रक्रियेसाठी सातबारा

सातबारा हा तलाठ्याच्या दप्तरातला कागद. पीककर्ज, विहीर, भावाभावांतली वाटणी, एवढ्या कामांना तो लागायचा. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र गेल्या दशकात तो अँजिओप्लास्टीसाठीही काढला. सरकारी आरोग्य योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेला जागा होती, पांढरीला नव्हती. मग शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांना, म्हणजे औरंगाबाद आणि अमरावती विभागांतले सगळे आणि वर्धा, यांना सवलत मिळाली: पांढरं कार्ड असलं तरी सातबारा दाखवा आणि उपचार घ्या. रुग्णाचं बिल सरकारने भरायचं, तर रुग्ण कोण हे आधी कागदावर ठरावं लागतं. औरंगाबाद शहराच्या वैद्यकीय इतिहासात पैसा आणि कागद असे एकमेकांचा हात धरूनच आलेले आहेत.

त्याआधीची सोय साधी होती. 1956 मध्ये इथे मराठवाड्यातलं पहिलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली, वेळ पडली तर बुलढाण्याहूनही पेशंट इथे येतो. घाटीत डॉक्टर पगारी, औषध सरकारी, खिडकीवर केस पेपर काढला की काम सुरू. कोणत्या रुग्णावर किती खर्च झाला हे सहसा कोणी विचारत नसे आणि सांगायला हिशेबही नसे. तो केस पेपर सांभाळायची जबाबदारी नातेवाइकांची. पुढच्या खेपेला तो हरवला, की आजाराचा इतिहासही पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरला पैसे कशाचे द्यायचे हा प्रश्न आधी पडला तो कारखान्यांमुळे. प्रा. बी. पी. अदारकर यांनी 1944 मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 1948 चा राज्य कामगार विमा कायदा त्या अहवालातून उभा राहिला, आणि महाराष्ट्रात त्याच्यासोबत ‘पॅनेल डॉक्टर’ आला. ब्रिटनने 1911 च्या विमा कायद्यात बसवलेली पद्धत इथे रुजली होती: कामगाराने यादीतला डॉक्टर निवडायचा आणि डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम मिळायची. कामगार दहा वेळा आला काय आणि एकदाही नाही आला काय, रक्कम तीच. गावातल्या न्हाव्याला वर्षाचं बलुतं मिळे, हजामती मोजून नव्हे, तसाच हा व्यवहार.

या व्यवस्थेत एक पाकीटही होतं. प्रत्येक विमाधारकाच्या नोंदी त्याच्या नावाच्या पाकिटात राहाव्यात आणि डॉक्टर बदलला तर पाकिटाने मागोमाग जावं, अशी मूळ कल्पना. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत वाढली, कामगार विम्याचं रुग्णालय उभं राहिलं, 1985 च्या सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, विमाधारक वाढले. कागदोपत्री ही रचना आजच्या कितीतरी योजनांपेक्षा शहाणी होती, कारण माणूस आजारी पडला नाही तरी डॉक्टरचं नुकसान नव्हतं. प्रत्यक्षात दर तुटपुंजा आणि रांग लांब, तेव्हा दोन मिनिटांत गोळ्या लिहून देणंच परवडायचं. कामगारही मग खासगीत जायचा.

पैशाशी अजिबात संबंध नसलेली एक नोंदही या शहरात होत होती आणि तिच्याबद्दल फारच थोडं बोललं जातं. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे पुण्यात आणि नागपुरात शाखा निघाल्या, त्यांच्याबरोबर 1978 मध्ये औरंगाबादेतही. तेव्हा शहरात महापालिकासुद्धा नव्हती. काम पायपिटीचं. रुग्णालयाच्या रजिस्टरमधून, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टांतून आणि मृत्युनोंदीतून कर्करोगाचं एकेक नाव उतरवून घ्यायचं. घाटीत बायोप्सी झालेली बाई आणि महिन्याभराने मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेलेली बाई एकच का, हे नाव, वय, पत्ता जुळवून ठरवायचं. एकीचं माहेरचं नाव, दुसरीचं सासरचं, वय अंदाजे पन्नास. अशा गोंधळातून शहराचे आकडे निघत आणि पुढे राष्ट्रीय अहवालांत छापले जात. रुग्णालयारुग्णालयांतली माहिती एकत्र आणण्याचं शहरातलं जुनं टिकाऊ उदाहरण हेच, आणि ते संगणकाच्या जोरावर सुरू झालेलं नाही.

पैशाची बाजू हलली ती 1997 मधल्या जीवनदायी योजनेने. हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी मदत. पण दाखले गोळा करून मंजुरीची वाट पाहायची आणि आजाराने तोवर थांबायचं. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड होतं. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर गेली आणि औरंगाबादचा नंबर लागला. सरकार दर कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये हप्ता नॅशनल इन्शुरन्स कंपनीला देई आणि कुटुंबाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण मिळे. 971 उपचार ठरलेले, प्रत्येकाचा दर ठरलेला. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, विमा युनायटेड इंडियाकडे गेला आणि हप्ता 797 रुपयांवर पोचला.

या पॅकेजची बारीक अक्षरं वाचण्यासारखी आहेत. खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, जेवण सगळं एका रकमेत. रुग्णालयात असताना गुंतागुंत झाली तर तिचा खर्चही त्यातच. सुटी झाल्यावर 10 दिवसांची देखभाल त्यातच. शिवाय रुग्णाला घरी जायला एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं. जखम चिघळली तर नवं बिल लावता येत नाही, म्हणजे जखम चिघळू न देण्यात रुग्णालयाचाच फायदा. अमेरिकेत याच विचाराचा मोठा अवतार 1 एप्रिल 2012 रोजी, म्हणजे आपल्या योजनेच्या तीन महिने आधी सुरू झाला. तिथे डॉक्टर आणि रुग्णालयांचा गट हजारो वृद्धांची वर्षभराची जबाबदारी घेतो. दर्जा राखून अपेक्षेपेक्षा कमी खर्चात भागवलं, तर वाचलेल्या पैशांत त्याला वाटा. आपल्याकडची जबाबदारी दहाव्या दिवशी संपते.

कागदाचा थाटही बदलला. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल. शिधापत्रिका, ओळखपत्र, रिपोर्ट स्कॅन करून चढवायचे, तिकडे कुणीतरी डॉक्टर पडद्यावर पाहून मंजुरी देणार. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांचा फोटो, सुटीच्या वेळी रुग्णाचा फोटो. पुराव्याशिवाय पैसे नाहीत, म्हणून नोंद चोख. ही सगळी फाइल मात्र बिल भरणाऱ्यासाठी. सहा महिन्यांनी हाच पेशंट पैठणच्या डॉक्टरपुढे छातीत दुखतं म्हणून बसला, तर त्याच्यासमोर ती उघडत नाही.

राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णनोंदींची संगणकप्रणालीही आली. खिडकीवर छापील केस पेपर मिळू लागला. 2022 मध्ये ती प्रणाली बंद पडली आणि रुग्णालयं हाताने लिहिण्यावर परतली. एवढ्या वर्षांच्या नोंदींचं काय, हा प्रश्न बंद करण्याआधी विचारायला हवा होता. दरम्यान 2021 च्या सप्टेंबरात केंद्राचं डिजिटल आरोग्य अभियान सुरू झालं होतं आणि त्यातून 14 अंकी ‘आभा’ क्रमांक आला. त्याचा सामान्यांना माहीत झालेला उपयोग म्हणजे ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन केला की मिळणारं टोकन. रांग वाचते, हेही थोडं नाही.

2023 मध्ये राज्याने मर्यादा पाच लाखांवर नेली, उपचारांची यादी 1356 झाली आणि सगळ्या कुटुंबांना योजनेत घेण्याचं ठरलं. त्यामुळे पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला सातबारा मिरवायची गरज उरू नये. आयुष्मानच्या नियमांत रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्या रुग्णालयाला 10 टक्के, पूर्ण मानांकनाला 15 टक्के जादा दर आहे. दर्जाचा पैशाशी इतपत संबंध जुळला आहे. पण हिशेब अजून उपचारागणिक आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या मधुमेही माणसाच्या डायलिसिसला दर आहे. आधीची दहा वर्षं त्याची साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणाऱ्या गंगापूरच्या किंवा सिल्लोडच्या डॉक्टरसाठी त्या 1356 मध्ये एकही ओळ नव्हती.